दूरध्वनीवरील तोतये

दूरध्वनीची घंटा वाजत असतां ती तशीच वाजूं द्यावी, ही गोष्ट माझ्या आईवडिलांच्या पिढीला जवळजवळ अशक्य आहे. याचें कारण त्यांच्या स्वभावांत नसून त्यांच्या आयुष्यक्रमांत आहे. त्यांच्या तरुणपणीं खेड्यांत तार आली कीं घरांत आधीं रडारड सुरू होई आणि मग ती वाचावयास कोणी तरी मिळे. ट्रंक कॉल म्हणजे कोणाचें तरी जन्ममरण. पोस्टांतला शिपाई बोलवावयास आला कीं हातांतला घास टाकून माणूस धांवत सुटे. तारेची सोय २०१३ सालच्या जुलैमध्यें बंद झाली, पण तिनें लावलेली संवय बंद झाली नाहीं. दुरून आलेला आवाज महत्त्वाचा असतो, तो ऐकलाच पाहिजे, आणि तो सरकारचा असला तर उभें राहून ऐकला पाहिजे, असें या वृद्धांना मनापासून वाटतें. जे ठक आज दूरध्वनीवरून त्यांस नागवितात, त्यांनीं ही संवय आम्हां मुलांपेक्षां अधिक बारकाईनें न्याहाळलेली आहे.

शाळेच्या वार्षिक अंकांत हा विषय कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलें आजीआजोबांच्या घरीं राहून शिकतात, आणि घरांतील मोबाईल अडला कीं तो प्रथम याच मुलांच्या हातीं येतो. शिवाय जें मी सांगणार आहें तें माझ्याच घरीं घडलेलें असून तें छापण्यास माझ्या वडिलांची संमति आहे. किंबहुना "नांव घालूं नको, पण गोष्ट घाल," असें त्यांनींच मला सांगितलें.

वडील प्राथमिक शाळेंत ३६ वर्षें शिक्षक होते. आई मिशनच्या दवाखान्यांत परिचारिका होती. दोघें आतां गांवीं राहतात. गेल्या पावसाळ्यांत एका मंगळवारीं सकाळीं साडेदहाच्या सुमारास वडिलांच्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित निरोप आला: तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीकरितां नऊचा अंक दाबा. त्यांनीं तो दाबला. मग एक मनुष्य अत्यंत आदबीनें बोलूं लागला. तुमच्या आधारपत्रावर मुंबईंत दुसरा क्रमांक घेतला गेला असून त्यावरून गुन्हे झाले आहेत, असें त्यानें सांगितलें आणि फोन 'पोलिसांकडे' जोडून दिला. पडद्यावर गणवेशांतील एक इसम दिसूं लागला. त्याच्या पाठीमागें राष्ट्रध्वज होता, राजमुद्रा होती, टेबलावर फायली होत्या. त्यानें वडिलांचें पूर्ण नांव, पत्ता व आधार क्रमांक न चुकतां वाचून दाखविला. (ही माहिती मिळविणें अवघड नाहीं, आधारपत्राच्या छायाप्रती आपण किती दुकानांतून देऊन आलों आहों, याची मोजदाद कोणीं ठेविली आहे?) मग तो म्हणाला, तुम्हांला 'डिजिटल अटक' झाली आहे, खोलीचें दार लावून घ्या, फोन बंद करूं नका, आणि पत्नीलाहि कांहीं सांगूं नका, नाहीं तर तिलाहि या प्रकरणांत घ्यावें लागेल.

या शेवटल्या वाक्यानें वडील पुरते अडकले. आईनें दोनदां चहा आणला. तो त्यांनीं अर्धें दार उघडून घेतला व "खात्याचें काम आहे" एवढेंच म्हटलें. संध्याकाळीं घरच्या प्रार्थनेला ते बाहेर आले नाहींत. बावन्न वर्षांच्या संसारांत असें कधीं झालें नव्हतें. आईला वाटलें, प्रकृति बरी नसेल. रात्रीं त्यांच्याकडून 'हमी' म्हणून ४५ हजार रुपये मोबाईलवरून घेण्यांत आले. दुसऱ्या दिवशीं बँकेंत जाऊन सहा लाखांची मुदत ठेव मोडावी, ती रक्कम 'तपासणीसाठीं' एका खात्यांत भरावी, निर्दोष ठरतांच ती परत मिळेल, असा हुकूम झाला. बँकेंत कोणीं विचारलें तर नातवाची फी भरावयाची आहे असें सांगावें, हेंहि पढविण्यांत आलें.

त्याप्रमाणें ते गेले. खिशांत फोन चालूच होता. खिडकींत बसलेली मुलगी नवीन होती व त्यांस ओळखत नव्हती. पण एवढी रक्कम, एवढा वृद्ध मनुष्य आणि पावसाळी हवेंत कपाळावर एवढा घाम, हें पाहून तिनें कारण विचारलें. वडिलांनीं फीचें सांगितलें. तिनें एका पावतीच्या पाठीमागें लिहिलें, "तुम्हांला कोणीं फोनवर धरून ठेविलें आहे काय?" आणि तो कागद त्यांच्यापुढें सरकविला. वडिलांनीं तो वाचला, चष्मा काढला व मान हलविली. तिनें हात पुढें करून फोन मागून घेतला आणि बंद केला. सहा लाख वांचले ते अशा रीतीनें.

४५ हजारांचें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. त्याच मुलीनें १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवून दिली. हा क्रमांक असल्या चोऱ्यांसाठीं सर्व देशांत एकच आहे, व सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या स्थळावरहि तक्रार करतां येते. चोरलेला पैसा एका खात्यांत थांबत नाहीं. भाड्यानें घेतलेल्या खात्यांतून तो घटकेंत चार ठिकाणीं फुटतो आणि मग रोख काढला जातो. तक्रार जितकी लवकर, तितकी तो वाटेंतच अडविण्याची आशा अधिक. आमच्या बाबतींत रात्र मध्यें गेली होती. ११ हजार कोठें तरी अडकले ते कांहीं महिन्यांनीं परत मिळाले; बाकीचे गेले ते गेले.

पैशांपेक्षां दुसरीच गोष्ट वडिलांना डांचत होती, आणि ती त्यांनीं पुष्कळ दिवस बोलून दाखविली नाहीं. ते चारचौघांत मिसळेनात. रविवारीं उपासनेला मागच्या बांकावर बसूं लागले. एके दिवशीं आम्ही दोघे विहिरीच्या कांठीं बसलों असतां ते म्हणाले, "पैसे गेले त्याचें मला फारसें नाहीं रे. पण मी त्या मुलीशीं खोटें बोललों. छत्तीस वर्षें मुलांना खोटें बोलूं नका म्हणून सांगितलें, आणि ह्या वयांत कोणीं तरी माझ्याकडून पाठ करून घेतलेलें मी तिच्या तोंडावर म्हणून दाखविलें." मला उत्तर सुचलें नाहीं. सायबर ठकांनीं २०२४ या एका वर्षांत या देशांतील लोकांचे सुमारें २२,८४५ कोटि रुपये लुबाडल्याची माहिती सरकारनें लोकसभेंत दिली आहे. त्या आंकड्यांत असला तोटा धरलेला नसतो.

हें वृत्त ऐकून अनेकांनीं विचारलें, शिकलेला मनुष्य असा फसलाच कसा? या प्रश्नांत फसलेल्याविषयींच्या सहानुभूतीपेक्षां विचारणाऱ्याची स्वतःविषयींची खात्रीच अधिक असते. पानिपतावर १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडल्यावर त्यांचें नांव सांगणारा तोतया उभा राहिला. १७७६ सालीं त्यास देहांत शासन होईपर्यंत त्यानें केवढी खळबळ उडविली, हें आपण इतिहासांत शिकतों. त्याच्या भोंवतीं जमलेले सारेच मूर्ख होते काय? भाऊ परत यावेत अशी ज्यांची इच्छा होती, त्यांच्या इच्छेनेंच त्याचें अर्धें काम केलें. तोतया नेहमीं आपल्या मनांतील एखादी तयार जागा पाहून तेथें बसतो. त्या वेळीं ती जागा आशेची होती. आमच्या वृद्धांच्या मनांत ती अब्रूची असते. जो जन्मांत पोलिसठाण्याची पायरी चढला नाहीं, त्यालाच पोलिसाच्या नांवाचा धाक अधिक. सराईत गुन्हेगाराला 'तुला फोनवर अटक झाली आहे' असें सांगून पहा. तो हंसेल, कारण अटक कशी होते हें त्याला ठाऊक असतें.

आपल्या कायद्यांत अशा अटकेची सोयच नाहीं. पोलीस, सीमाशुल्क, आयकर, न्यायालय, यांपैकीं कोणीहि मनुष्यास पडद्यापुढें बसवून कोंडीत नाहीं व निर्दोषपणाची तपासणी म्हणून पैसे भरावयास लावीत नाहीं. या ठकांचें धाडस एवढें वाढलें कीं हरियाणांतील एका वृद्ध दांपत्यास त्यांनीं खुद्द सर्वोच्च न्यायालयाचे बनावट हुकूम दाखविले. त्या दांपत्याच्या तक्रारीवरून ऑक्टोबर २०२५ मध्यें न्यायालयानें आपण होऊन या प्रकाराची दखल घेतली, व डिसेंबरांत तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोंपविला.

विहिरीच्या कांठच्या त्या बोलण्यानंतर वडिलांनीं स्वतःच इसहाकाचा विषय काढला. इसहाक म्हातारा झाला होता, दृष्टि मंदावली होती, आणि याकोब एसावाचें सोंग घेऊन त्याच्यापुढें आला. ही गोष्ट सांगतांना आपण म्हणतों, आंधळा बाप फसला. पण नीट वाचलें तर इसहाकानें संशय घेण्यांत कांहीं कसूर केलेली नाहीं. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, हें त्यानें विचारलें. आवाज याकोबाचा आहे हें त्यानें ओळखलें. जवळ बोलावून हात चांचपून पाहिले. तूं खरोखर एसावच ना, असें पुन्हां विचारलें. अखेरीस वस्त्रांचा वासहि घेतला. परंतु ज्या ज्या परीक्षा होण्याजोग्या होत्या, त्यांची तयारी रिबकेनें अगोदरच करून ठेविली होती. हातांवर करडांचीं कातडीं होतीं, अंगावर एसावाचीं वस्त्रें होतीं. वडील म्हणाले, "त्यानें सगळें केलें, फक्त बाहेरच्या एखाद्या चाकराला हांक मारून विचारलें नाहीं. मींहि तेंच केलें. ओळखपत्र मागितलें, त्यानें दाखविलें. लेखी हुकूम मागितला, त्यानें शिक्क्यासह पाठविला. खात्री करावयास दुसरा क्रमांक मागितला, तोहि त्यानेंच दिला." या विषयावर मीं बरेंच वाचलें आहे, परंतु या एका वाक्यांत त्यांनीं जें सांगितलें त्याहून अधिक उपयोगाचें कांहीं मला आढळलें नाहीं. ठकाची परीक्षा ठकाच्या हातांतील साधनांनीं करतां येत नाहीं.

पुढें काय करावें याविषयीं घरांत मतभेद झाला. माझ्या धाकट्या भावाचें म्हणणें असें कीं वडिलांकडून हा मोबाईल काढून साधा द्यावा, आणि सर्व खातीं आम्हां मुलांच्या नांवें करून घ्यावीं. वडील शांतपणें म्हणाले, "म्हणजे चोर मोकळा, आणि बेड्या माझ्या हातांत." भाऊ प्रेमानेंच बोलत होता. तरीहि मीं वडिलांची बाजू घेतली. त्या मोबाईलवर त्यांना डॉक्टरांची वेळ मिळते, दूरच्या भाचरांचे चेहरे दिसतात, सकाळीं भक्तिगीतें ऐकूं येतात. तो काढून घेणें म्हणजे ज्याची चोरी झाली त्यालाच शिक्षा करणें. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आपण लहान मुलांकडून पाठ करून घेतों. ज्यांचीं मुलें कमावतीं झालीं व ज्यांच्या हातीं आतां घरची सत्ता आली, अशा पन्नाशीकडे झुकलेल्या आम्हां लोकांनाच ती अधिक लागू आहे, असें माझें मत आहे.

तोड आईनें काढली. दवाखान्यांत रात्रपाळीला असतांना डॉक्टर फोनवरून औषध सांगत, तेव्हां परिचारिकेनें तें लिहून घ्यावें, लिहिलेलें परत वाचून दाखवावें, आणि सकाळीं त्याखालीं डॉक्टरांची सही घ्यावी, असा तिचा तीस वर्षांचा शिरस्ता. आवाज ओळखीचा आहे म्हणून मात्रा दिली, असें तिनें कधीं केलें नाहीं, आणि त्यांत डॉक्टरांचा अपमानहि कधीं झाला नाहीं. ती म्हणाली, "फोनवर कोणीं कांहीं करावयास सांगितलें तर एकच उत्तर: मी तुम्हांला परत फोन करतें. आणि परत फोन करावयाचा तो त्यानें दिलेल्या क्रमांकावर नव्हे, पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर." वडिलांनीं आपल्या वळणदार अक्षरांत हा नियम एका पुठ्ठ्यावर लिहिला. त्याखालीं त्यांनीं आणखी तीन ओळी घातल्या: पैसे घेण्यासाठीं गुप्त अंक लागत नाहीं, देण्यासाठींच लागतो, सरकार फोनवर अटक करीत नाहीं, 'कोणाला सांगूं नका' असें जो सांगेल त्याचें प्रथम आईला सांगावें. सर्वांत खालीं ठळक १९३०. हा पुठ्ठा आतां मोबाईल ठेवण्याच्या कोनाड्यावर टांगलेला आहे.

खात्यांची व्यवस्थाहि बदलली, पण ती त्यांच्याच सहीनें. निवृत्तिवेतन ज्या खात्यांत जमा होतें व ज्यांत ठेवी आहेत, तें मोबाईलपासून अलग केलें. त्याचे व्यवहार बँकेंत जाऊनच, आणि ठेव मोडावयाची तर दोघांच्या सह्यांनीं. बाजारहाटासाठीं दुसरें एक लहान खातें, त्यांत महिन्याच्या खर्चापुरते पैसे. मोबाईल जोडला आहे तो याला. चोर आलाच तर त्याला परसांत यावें लागेल, माजघरांत नव्हे. अनोळखी क्रमांकांची घंटा वाजूं नये अशीहि योजना मोबाईलमध्यें असते, ती वडिलांनीं नाकारली. "एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन येतो," ते म्हणाले. यावर वाद घालण्यासारखें कांहीं नव्हतें. मात्र जाहिरातवाल्यांचे क्रमांक १४० नें आणि बँकांच्या व्यवहाराचे १६०० नें आरंभ होण्याची योजना सरकारनें केली आहे, हें त्यांनीं लक्षांत ठेविलें आहे. नोव्हेंबर महिन्यांत आम्ही अधिक जपतों, कारण निवृत्तांचे हयातीचे दाखले त्याच महिन्यांत द्यावयाचे असतात, आणि 'दाखला पोंचला नाहीं, वेतन बंद होईल' असे फोन नेमके त्या दिवसांत सुटतात.

आतां तर माणसाचा थोडासा आवाज मिळाला तरी यंत्राकडून हुबेहूब तसेंच बोलवून घेतां येतें. 'बाबा, मी अपघातांत सांपडलों आहें, पैसे पाठवा' असें माझ्याच आवाजांत कोणी म्हणाला, तर कसें ओळखावें? यासाठीं आम्हीं घरचा एक शब्द ठरविला आहे. आमच्या आजीनें पाळलेल्या एका बकरीचें तें नांव आहे; यापेक्षां अधिक येथें छापणें इष्ट नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. मोठ्या संकटाची बातमी देणाऱ्यानें तो शब्द प्रथम सांगावा. माझ्या मुलीला या खेळांत फार गोडी वाटते. ती आजोबांना अधूनमधून आवाज बदलून फोन करते आणि शब्द विचारला नाहीं तर त्यांना दहापैकीं गुण कापते.

वरच्या वर्गांतील मुलांना एक गोष्ट वेगळी सांगावयाची आहे. हे फोन करणारे सर्वच आपखुषीनें ठक झालेले नसतात. कंबोडिया, म्यानमार, लाओस या देशांत कुंपणांनीं बंदिस्त केलेल्या मोठमोठ्या वसाहती आहेत. संगणकावरच्या चांगल्या पगाराच्या नोकरीची लालूच दाखवून आपल्याकडील तरुण तेथें नेले जातात, त्यांचे पासपोर्ट काढून घेतले जातात, आणि मारझोड करून त्यांच्याकडून दिवसरात्र हेंच काम करून घेतलें जातें. मार्च २०२५ मध्यें म्यानमारच्या सीमेवरून सुटका झालेल्या अशा पांचशेंहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनीं परत आणावें लागलें. म्हणून परदेशच्या नोकरीचें पत्र आलें कीं तेंहि एकदां बाहेरच्या चाकराला विचारून पहावें. वडिलांना मीं हें सांगितलें, तेव्हां ते बराच वेळ गप्प राहिले. गणवेशांतील त्या इसमाचें वय तिशीच्या आंतलें असावें, एवढेंच ते म्हणाले. त्या रात्रीं प्रार्थनेंत त्यांनीं कोणासाठीं विनंति केली हें मला ऐकूं आलें, पण तें लिहिण्याची परवानगी मीं मागितलेली नाहीं.

नाताळच्या आधींच्या आठवड्यांत ते एकटेच बँकेंत गेले. त्या मुलीच्या खिडकीपुढें रांगेंत उभे राहिले, आणि पाळी आल्यावर म्हणाले, "बाई, त्या दिवशीं मी तुम्हांला फीचें सांगितलें तें खरें नव्हतें." मुलगी गोंधळली, रोज शंभर माणसें पाहणारीला प्रथम कांहीं आठवेना. आठवल्यावर तिनें उठून त्यांना आंत खुर्ची दिली. आईनें दिलेला करंज्यांचा डबा त्यांनीं तिच्या टेबलावर ठेविला. परत आल्यावर त्यांनीं आम्हांला फक्त इतकेंच सांगितलें कीं तिचे वडीलहि शिक्षक आहेत. त्यानंतरच्या रविवारीं ते उपासनेला आपल्या नेहमींच्या, पुढून तिसऱ्या बांकावर बसले.

अलीकडे उपासना आटोपल्यावर तीनचार वृद्ध मंडळी आपापले मोबाईल घेऊन त्यांच्याभोंवतीं बसतात. वडील शुद्धलेखन घालावें तसें तो नियम त्यांना सांगतात, ते वहींत उतरून घेतात, आणि कोणाचें चुकलें कीं तें वाक्य पांच वेळां लिहावें लागतें. मागच्या महिन्यांत वीजखात्याच्या कचेरींतून वडिलांना फोन आला कीं तुमच्या मीटरची नोंद जुळत नाहीं. वडिलांनीं "मी तुमच्याकडे येतों" म्हणून फोन ठेविला आणि छत्री घेऊन कचेरींत गेले. फोन खराच होता. नोंद खरोखरच जुळत नव्हती. कारकून म्हणाला, "गुरुजी, फोनवर सांगितलें असतें तरी चाललें असतें." वडील म्हणाले, "तुमचें चाललें असतें." येण्याजाण्यांत अर्धा तास मोडला, आणि वाटेंत त्यांना एक जुना विद्यार्थी भेटला.